वादळाचे देणे कोणी फेडावयाचे?

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम मानला जातो. आपल्याकडे मृगाच्या सरींची वाट पाहिली जाते त्याच सुमारास फ्लोरिडा, लुइझियाना, टेक्सास या राज्यांतील गृहस्थ आकाशाकडे धास्तावून पाहू लागतो. गेल्या काही वर्षांत मात्र त्याची धास्ती आकाशापुरती राहिलेली नाही. वादळ येवो वा न येवो, घराच्या विम्याच्या नूतनीकरणाचा कागद दर वर्षी येतोच, आणि त्यावरील हप्त्याचा आकडा पाहून भल्याभल्यांचे हिशेब कोलमडतात. आयुष्यभराच्या कमाईतून घर उभारून निवृत्त झालेल्या माणसाला, वादळात घर टिकेल काय या प्रश्नाइतकाच, वादळ न येताही ते आपल्याला परवडेल काय हा प्रश्न आज छळतो आहे. टॅम्पा, ऑरलँडो, ह्यूस्टन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो चुकलेला नाही. आणि ज्या कोकणाने ‘निसर्ग’ व ‘तौक्ते’ ही वादळे पाहिली, त्या कोकणाशी नाते सांगणाऱ्या आम्हांसही तो परका मानता येणार नाही. म्हणून या प्रश्नाचा येथे थोडा विस्ताराने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

विमा म्हणजे मुळात शेजारधर्माचेच हिशेबी रूप होय. हजार घरांत एखादे घर जळते. त्याची भरपाई उरलेल्या नऊशे नव्याण्णवांनी थोडथोडे देऊन करावयाची, हे गणित शाळकरी मुलालाही समजण्यासारखे आहे. परंतु वादळ या गणितालाच सुरुंग लावते. ते एका रात्रीत हजारांपैकी पाचशे घरांची छपरे उडवून नेते आणि देणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांचीच रांग मोठी होते. म्हणून विमा कंपन्या स्वतःवरील जोखमीचा विमा बर्म्युडा, लंडन, म्यूनिक, झुरिक येथील मोठ्या फेरविमा कंपन्यांकडे उतरवितात. त्या फेरविम्याचे दर चढले, जसे ते २०२३ च्या आरंभी झपाट्याने चढले, की तो भार शेवटी फ्लोरिडातील गृहिणीच्या मासिक खर्चाच्या वहीत येऊन बसतो. घरबांधणीचे साहित्य व मजुरी महागली की त्यात आणखी भर पडते, कारण मोडलेले घर पुन्हा उभारावयाचे ते आजच्या भावाने.

हे संकट एका दिवसात कोसळलेले नाही. २४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ वादळाने मायामीच्या दक्षिणेकडील वस्त्या धुऊन नेल्या. पंचवीस हजारांहून अधिक घरे जमीनदोस्त झाली, लाखभर घरांची मोडतोड झाली आणि कित्येक विमा कंपन्यांचे दिवाळे वाजले. ढिगारे उपसताना असे आढळले की, अनेक घरांच्या छपरांच्या फळ्या खिळ्यांऐवजी घाईघाईने मारलेल्या तारेच्या पिनांवर तरलेल्या होत्या, आणि त्यांपैकी कित्येक पिना खालच्या वाशात शिरल्याच नव्हत्या. वाऱ्याचा जोर विलक्षण होता यात शंका नाही. पण माणसाच्या निष्काळजीपणाने त्याला दार उघडून दिले, हेही तितकेच खरे. या धड्यातून १९९३ मध्ये राज्याचा आपत्ती फेरविमा निधी उभा राहिला, २००२ मध्ये सर्व राज्यासाठी एकच कडक बांधकामसंहिता लागू झाली, आणि त्याच वर्षी, ज्यांना खाजगी कंपन्या दारात उभ्या करीत नाहीत अशांसाठी ‘सिटिझन्स’ ही राज्यस्थापित विमा संस्था निघाली.

येथवर सर्व ठीक होते. परंतु २००४ व २००५ या दोन वर्षांत वादळांमागून वादळे आली, हप्ते भडकले, आणि लोकक्षोभाला भिऊन विधिमंडळाने २००७ मध्ये सिटिझन्सचे दर गोठविले. पुढे दरवर्षीच्या वाढीला मर्यादा घालून दिली गेली. दैवाने साथ दिली: २००५ च्या ‘विल्मा’नंतर २०१६ च्या ‘हर्मिन’पर्यंत जवळजवळ अकरा वर्षे फ्लोरिडाच्या भूमीला एकही चक्रीवादळ धडकले नाही. या निवांत काळात किनाऱ्यावर इमारतींची दाटी झाली आणि स्वस्त हप्ता हा जणू निसर्गाने दिलेला हक्कच आहे असा समज रूढ झाला. आजचे मरण उद्यावर ढकलणे ज्याला म्हणतात ते याहून वेगळे नसते. सिटिझन्सची तिजोरी आटली तर तूट भरून काढण्यासाठी राज्यातील इतर विमेदारांवर, मोटारीचा विमा उतरविणाऱ्यांवरही, पट्टी बसविण्याची तरतूद कायद्यातच आहे. २००५ च्या तुटीपायी बसविलेली पट्टी लोक पुढे कित्येक वर्षे भरीत होते. म्हणजे समुद्रकाठच्या बंगल्याचा दर कृत्रिमपणे खाली ठेवावयाचा आणि त्याची किंमत आत राहणाऱ्या, कदाचित भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मोटारवाल्याकडून वसूल करावयाची! याला स्वस्ताई म्हणणे म्हणजे शब्दांची थट्टा होय.

त्यातच कज्जेबाजीचे ग्रहण लागले. २०१९ मध्ये अमेरिकेतील घरविम्याच्या एकूण दाव्यांपैकी फ्लोरिडातील दावे आठ टक्क्यांच्या आसपास होते. मात्र कोर्टात गेलेल्या खटल्यांत त्या राज्याचा वाटा तीन चतुर्थांशांहून अधिक होता. दाव्याचा हक्क छप्पर बसविणाऱ्या कंत्राटदाराच्या नावे करून द्यावयाचा आणि मग वकिलाने कंपनीकडून आपली फी वसूल करावयाची, असा एक धंदाच तेथे उभा राहिला होता. २८ सप्टेंबर २०२२ रोजी ‘इयन’ वादळाने फोर्ट मायर्सचा परिसर उद्ध्वस्त केल्यानंतर, डिसेंबरात विधिमंडळाने हे दोन्ही मार्ग बंद केले. तोवर अनेक कंपन्या बुडाल्या किंवा निघून गेल्या होत्या. सिटिझन्सच्या विमेदारांची संख्या २०२३ मध्ये चौदा लाखांवर गेली, ती पुढे खाजगी कंपन्या पुन्हा येऊ लागल्यावर ओसरली. लुइझियानाची कहाणी याहून करुण आहे. २०२० चे ‘लॉरा’ आणि २०२१ चे ‘आयडा’ या वादळांनी तेथील डझनभर कंपन्या बुडविल्या, आणि २०२३ च्या जानेवारीत तेथील राज्यस्थापित विमा संस्थेने घरांचे दर सरासरी ६३ टक्क्यांनी वाढविले.

या सर्वांत कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. दावे रेंगाळविणे, भरपाईला कात्री लावणे, छप्पर थोडे जुने झाले की विमा नाकारणे, या तक्रारी निराधार नाहीत. म्हणूनच छप्पर पंधरा वर्षांच्या आतले असेल तर केवळ त्याच्या वयाचे कारण देऊन विमा नाकारू नये, असा कायदा फ्लोरिडाला २०२२ मध्ये करावा लागला. तथापि कंपन्यांवर कितीही आगपाखड केली तरी मूळ सत्य बदलत नाही. वादळाने जे मोडते त्याची किंमत कोणीतरी मोजतेच. जोखीम कमी झाल्यावाचून हप्ता खऱ्या अर्थाने कमी होत नाही. तो फार तर एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात सरकतो.

मग सामान्य गृहस्थाने काय करावे? पहिली गोष्ट ही की, चिडून विमाच सोडून देऊ नये. ज्याच्या घरावर कर्ज आहे त्याला ही मुभाच नसते. त्याने विमा सोडला तर कर्ज देणारी बँक स्वतः महागडा विमा उतरवून त्याचे पैसे त्याच्याच माथी मारते, आणि त्यात संरक्षण मुख्यतः बँकेच्या रकमेला मिळते. ही मोकळीक असते ती कर्ज फिटलेल्याला, म्हणजे बहुधा वृद्धाला. आणि घर गेले तर ते पुन्हा उभारण्याचे वय व बळ ज्याच्यापाशी उरलेले नाही असाही तोच. दुसरी गोष्ट ‘डिडक्टिबल’ची, म्हणजे नुकसानीपैकी आपण स्वतः सोसावयाच्या वाट्याची. हा वाटा वाढविला की हप्ता उतरतो. परंतु वादळाच्या बाबतीत तो विम्याच्या रकमेच्या टक्केवारीत मोजला जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चार लाख डॉलरांच्या घरावर दोन टक्के म्हणजे आठ हजार डॉलर, पाच टक्के म्हणजे वीस हजार. तेवढी रक्कम बाजूला ठेवलेली असेल तरच हा व्यवहार शहाणपणाचा. एरवी आज वाचविलेला पैसा उद्या छपरावाचून राहण्याची तजवीज ठरतो.

तिसरी गोष्ट पुराची. नेहमीच्या घरविम्यात वाऱ्याने झालेल्या नुकसानीची भरपाई असते, चढत्या पाण्याने झालेल्या नुकसानीची नसते. त्यासाठी १९६८ पासून चालत आलेली संघराज्य सरकारची वेगळी पूरविमा योजना आहे, आणि ती घेतल्यावर सामान्यतः तीस दिवसांनी लागू होते. वादळाची वर्दी आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. २०१७ मध्ये ‘हार्वे’च्या पावसाने ह्यूस्टन बुडाले आणि २०२४ मध्ये ‘हेलीन’ने समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ मुलखात हाहाकार उडविला, तेव्हा पाण्यात गेलेल्या बहुसंख्य घरांना हे कवच नव्हते. चौथी गोष्ट अशी की, विमा घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाइतका असावा. जमिनीची किंमत त्यात धरू नये, कारण जमीन वाऱ्याने उडून जात नाही.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा उपाय घराच्या माथ्यावर आहे. छपराचे वासे भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी जखडणे, फळ्यांना पीळदार खिळे मारणे, फळ्यांमधील सांधे बुजविणे, खिडक्यांना झडपा बसविणे, गॅरेजचे दार भक्कम करणे, कारण ते फुटले की वारा आत शिरून छपराला खालून उचलतो: एवढ्या साध्या गोष्टींनी घर वाचते. अशा सुधारणांबद्दल हप्त्यात सूट देणे फ्लोरिडात कायद्यानेच बंधनकारक आहे. मात्र ती मिळविण्यासाठी घराची तपासणी करून घेऊन तिचा दाखला द्यावा लागतो, आणि कित्येक लोक तेवढ्या आळसापायी पैसे गमावतात. अलाबामा राज्याने २०१६ पासून छपरे मजबूत करण्यासाठी दहा हजार डॉलरांपर्यंत अनुदान देण्यास आरंभ केला. लुइझियानाने पुढे तोच कित्ता गिरविला. २०२० च्या ‘सॅली’ वादळानंतर अलाबामातील दाव्यांचा अभ्यास झाला, तेव्हा अशा पद्धतीने बांधलेल्या घरांचे दावे संख्येने कमी आणि रकमेने लहान असल्याचे दिसून आले.

राज्यकर्त्यांनी यातून योग्य तो बोध घ्यावयास हवा. ज्यांना वाढता हप्ता झेपत नाही अशा वृद्धांना व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना मदत करणे हे राज्याचे कर्तव्यच होय. परंतु ती मदत सर्वांचेच दर खाली दाबून देऊ नये. त्यात बंगलेवाल्याचाच लाभ अधिक होतो. ती छपरासाठी द्यावी, आणि ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याला सर्वांत आधी द्यावी. हप्त्याला दिलेला डॉलर वर्षअखेर संपतो. वाशाला ठोकलेला खिळा पुढच्या वीस वादळांत उभा राहतो.

हा उपदेश सातासमुद्रापलीकडच्यांना करून आम्ही थांबलो तर तो परोपदेशे पांडित्याचा प्रकार होईल. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळ धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली, मंडणगड या भागांत घरांवरचे पत्रे व कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढल्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ने किनारा पुन्हा झोडपला. त्या घरांपैकी बहुतेकांना विमा ठाऊकच नव्हता. सरकारी पंचनामा आणि मुंबईच्या चाकरमान्याने पाठविलेले पैसे हाच त्यांचा विमा. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही वादळ, पूर, भूकंप, आग या सर्वांना पुरणारी प्रमाणित पॉलिसी आपल्याकडे उपलब्ध आहे. तिची चौकशी शहरातील सुशिक्षितांनी स्वतःच्या सदनिकेपुरतीच नव्हे, तर गावच्या घरासाठीही करावी. आपल्याकडे विमा थोड्यांनाच असल्यामुळे हप्त्याची ओरड अद्याप ऐकू येत नाही. पण याचा अर्थ जोखीम नाही असा नसून, तिचा हिशेबच मांडलेला नाही असा आहे.

पाण्याआधी वळण बांधावे, असे आपले जुने लोक सांगत आले. वादळाचे देणे कोणालाच चुकत नाही. ते आधी पट्ट्यांच्या व खिळ्यांच्या रूपाने थोडे थोडे फेडावयाचे, की मागाहून घरादारासह एकदम, एवढी निवड मात्र आजही माणसाच्या हाती आहे.