पायातले पैंजण कापू नका!

चांदीच्या पैंजणांसाठी हुपरी (ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर) देशभर ओळखली जाते. लग्न-बारशाचे फोटो चिकटवहीत लावताना मात्र पायाकडचा भागच आधी कापला जातो आणि दागिना हरवतो. म्हणून हे सांभाळा :

● मूळ प्रत कापू नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, नवी प्रत काढा आणि तीच कापा.

● मागची बाजू पाहा. स्टुडिओचा शिक्का, तारीख किंवा नावे असतील तर त्यांचाही फोटो घ्या.

● आडवा ग्रुप फोटो : मोबाइलचा फोटो सहसा ४:३ प्रमाणात असतो. ६ × ४ इंचांत पूर्ण भरून छापला, की वरून-खालून मिळून अर्धा इंच जातो. पावले आहेत ना, हे छपाईआधीच बघा.

● सांध्यावर कड नको. घोट्यावर, गुडघ्यावर, मनगटावर कापलेला फोटो तुटका दिसतो. पैंजण दाखवायचे तर पूर्ण पाऊल आणि खाली थोडी जमीन ठेवा.

● चिकटवताना : आम्लरहित कागद आणि फोटोचे कोपरे वापरा. सेलोटेप पिवळी पडते, डाग सोडते.