घराहून मोठे झालेले कर्ज

झांशीहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ३० किलोमीटरांवर चिरगाँव नावाचे लहानसे गाव लागते. हिंदी काव्याचे रसिक त्याला मैथिलीशरण गुप्त यांचे जन्मग्राम म्हणून ओळखतात. १८८६ साली ते येथे जन्मले. परंतु हा कवी येथे वाढत असताना सबंध जिल्ह्याला एका निराळ्याच विवंचनेने ग्रासले होते, आणि तिने आजही कित्येक घरांची झोप उडविली आहे. कमाई थांबलेली, आणि घरदार विकून मोकळे व्हावे म्हटले तर त्याची किंमत कर्जाहून कमी. अशा वेळी गृहस्थाने काय करावे?

१८५४ साली झांशीचे राज्य खालसा झाले, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांसकट दरबारच्या अनेक आश्रितांची चाकरी गेली. पाठोपाठ १८५७ ची धामधूम आली. ती शमल्यावर, बंडाच्या काळात एकदा वसूल झालेला शेतसारा इंग्रज अंमलदारांनी पुष्कळ ठिकाणी पुन्हा मागितला. तो भरायचा तर सावकाराचे दार गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८६८-६९ च्या दुष्काळाने उरलीसुरली उमेद संपविली. मुद्दलावर व्याज आणि व्याजावर व्याज चढत गेले. विकणारे गावोगाव आणि घेणारा बहुधा तोच सावकार. मग भाव यावा कोठून?

अखेर १८८२ साली झांशीच्या ऋणग्रस्त मिळकतींसाठी स्वतंत्र कायदा झाला. खास न्यायाधीशाने प्रथम प्रत्येक मागणी तपासावयाची, अवास्तव व्याजाला कात्री लावावयाची, उरलेल्या देण्यासाठी शक्य तेथे सरकारने हलक्या व्याजाने कर्ज द्यावयाचे, आणि इतके करूनही भागले नाही तरच जमीन विकावयाची. या कायद्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा क्रम. आपल्याकडेही १८७५ साली सुप्यास शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळल्यानंतर, १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या पाठीमागचा खरा व्यवहार पाहण्याचा अधिकार दिला. त्या कायद्याखाली न्यायमूर्ती रानडे यांनी केलेले काम प्रसिद्धच आहे.

बुंदेलखंडात १९०३ साली आणखी एक पाऊल पडले. शेतकरी जातींची जमीन इतरांना विकण्यावरच निर्बंध आला. जमीन वाचली खरी. पण जी सहज विकता येत नाही तिच्यावर कर्ज तरी कोण देणार? रक्षण आणि कोंडी यांमधील अंतर असे थोडके असते.

आज गहाण पडते ती बहुधा सदनिका, आणि सावकाराच्या जागी असते बँक. समजा, कर्ज ४० लाख उरले आहे, नोकरी गेली आहे आणि गिऱ्हाईक ३५ लाखांवर चढत नाही. मधले ५ लाख भरल्यावाचून बँक कागदपत्रे सोडणार नाही. आणि ते भरण्याचे सामर्थ्य असते तर विकण्याची पाळी कशाला आली असती? २००८ च्या मंदीत अमेरिकेतील असंख्य कुटुंबे अशाच पेचात सापडली. तेथील काही राज्यांत घर ताब्यात देऊन कर्जातून सुटता येते. आपल्याकडे तसे नाही. लिलावात घर गेल्यावरही तूट ऋणकोकडून, आणि जामीनदार असल्यास त्याच्याकडूनही, वसूल करता येते. म्हणून किल्ल्या बँकेच्या हाती ठेवून गाव सोडणे हा उपाय नव्हे.

वाचकहो, येथे वेळेचे महत्त्व फार आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या कायद्यानुसार ६० दिवसांची नोटीस येते. ती पेटीच्या तळाशी दडवून ठेवणारे कर्ते पुरुष थोडे नाहीत, आणि घरच्या गृहिणीला गोष्ट कळते ती दारावर जाहिरात चिकटल्यावर! वास्तविक त्या नोटिशीला लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर देणे बंधनकारक आहे. झांशीच्या न्यायाधीशाने केले ते काम, म्हणजे व्याज आणि दंड यांची आकारणी तपासण्याचे, आता आपणच आरंभावे.

त्याहून बरे म्हणजे पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागणे. घर विकणे अटळच असेल तर बँकेच्या लेखी संमतीने आपण स्वतः गिऱ्हाईक शोधावे. लिलावात बहुधा कमीच भाव येतो. बदलत्या व्याजदराचे व्यक्तिगत गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकेला दंड घेता येत नाही, हेही ध्यानी असू द्यावे. तुटीबाबत तडजोड होऊ शकते. रिझर्व्ह बँकेने २०२३ साली तडजोडींसाठी सर्वसाधारण चौकट घालून दिली आहे. तडजोडीची नोंद पुढे पतपुस्तिकेत राहते व नवे कर्ज मिळणे अवघड होते. तरी काही शिल्लक राहिले नाही असे पत्र पदरात पडल्यावाचून सही करू नये.

आणि बँकेने ताबा घेण्याचे पाऊल उचललेच, तर त्याविरुद्ध ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यास त्या दिवसापासून ४५ दिवस मिळतात.