फुंका मावशी, अजून फुंका!

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनाजवळच्या एका दवाखान्यात श्वासाची तपासणी करणारा तंत्रज्ञ दिवसभर एकच गोष्ट ओरडून सांगत असतो. तेलुगूत ‘ऊदंडी’, दखनीत ‘फूंको, और फूंको, रुको नक्को’ आणि मराठवाड्याच्या गाडीनं उतरलेल्यांसाठी ‘फुंका मावशी, अजून, अजून!’

नाकाला चिमटा, ओठांत घट्ट धरलेली पुठ्ठ्याची नळी. छाती भरून श्वास घ्यायचा, एका झटक्यात सोडायचा आणि छाती पार रिकामी होईस्तोवर थांबायचं नाही. परभणीकडच्या मावशींची पहिली फुंकर खोकल्यानं मोडली, दुसऱ्या वेळी ओठांच्या कडेनं हवा निसटली. दोन्ही बाद. निदान तीन चांगल्या फुंकरी लागतात आणि त्यांतल्या मोठ्या दोहोंत 150 मिलिलिटरहून जास्त फरक चालत नाही. सहा सेकंद फुंकलं की पुरे, असं या तंत्रज्ञाला शिकवलेलं. 2019 मध्ये अमेरिकी-युरोपीय नियमावली बदलली, तेव्हापासून तो यंत्रावरच्या रेघेकडे बघतो. शेवटच्या सेकंदात 25 मिलिलिटरपेक्षा जास्त हवा आली नाही की फुंकर पुरी. नाहीतर पंधरा सेकंदांपर्यंत दम काढायचा.

मग सालब्युटामॉलचे चार फवारे, पंधरा मिनिटं बसणं आणि पुन्हा तेच सगळं. औषधानंतरही पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. मावशींची कमीच भरली. बिडीला त्यांनी कधी हात लावला नाही. सारी उमर चुलीच्या धुरापुढे गेली.

त्यांना धाप लागत होती, म्हणून ही तपासणी योग्य. शिबिरात धडधाकट माणसांना रांगेनं हीच नळी द्यायला मात्र आधार नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलानं 2022 मध्ये पुरावा नव्यानं तपासून हेच पुन्हा सांगितलं. क्षयाचं नेमकं उलट, तो धडधाकट दिसणाऱ्यांतही शोधावा लागतो. भारताच्या 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत छातीचा एक्स-रे काढलाच नसता, तर 42.6 टक्के क्षयरुग्ण निसटले असते. आणि तोच एक्स-रे फुप्फुसाच्या कर्करोगासाठी दरवर्षी काढून मृत्यू कमी होत नाहीत, हे 2011 मध्ये सिद्ध झालं. त्याच वर्षी कमी किरणांच्या सीटी स्कॅननं मात्र खूप धूम्रपान करणाऱ्यांत त्या कर्करोगाचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटलेले दिसले. पण त्या चाचणीत ‘संशयास्पद’ ठरलेल्या स्कॅनपैकी 96 टक्क्यांत कर्करोग नव्हताच. क्षयाचे जुने व्रण घेऊन फिरणाऱ्या आपल्या लोकांत हा आकडा विसरणं धोक्याचं.

स्कॅन कुणाचा करायचा, हेही बदलतं. 2013 मध्ये अमेरिकेत वय 55 आणि रोज एक पाकीट अशी 30 वर्षं, ही अट होती. 2021 मध्ये ती 50 आणि 20 वर आली. हिशेब सारा सिगारेटचा. मावशींच्या चुलीला त्यात जागाच नाही, आणि हे मला बोचतं. ‘मोफत तपासणी’च्या फलकावर तपासणी कुणासाठी आणि नियम कोणत्या सालचा, हे ठळक लिहायलाच हवं.

मावशींना इनहेलर लिहून दिल्यावर डॉक्टर सोबत आलेल्या सुनेकडे वळले. धाप लागते? नाही. खोकला? नाही. घरात कुणाला टीबी झाला होता? “दिरांना, मागच्या वर्षी.” सुनेला नळी दिली नाही, एक्स-रेची चिठ्ठी दिली.