वरणाचं पाणी म्हणजे जेवण नव्हे!

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेळघाट येतो. साहजिकच आहे. धारणी-चिखलदऱ्याकडच्या बालमृत्यूंचा प्रश्न 1993 साली थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली; पण नुसत्या औषधानं भागत नाही, घरात धान्यही हवं, हे ओळखून ते शेतीतही उतरले. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली.

पण मैत्रिणींनो, कुपोषण पाहायला घाट चढायलाच हवा असं नाही. अमरावती-अकोल्यात धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईच्या कडेवरचं लेकरू एकदा नीट पाहा बरं. वर्षाचं झालं तरी किरकिरं, हातपाय काड्यांसारखे. विचारलं तर ती म्हणेल, "वरणाचं पाणी देतो ना जी, पण अंगीच लागत नाही."

लागेल कसं? त्या वरच्या पाण्यात डाळ असते किती! एवढंसं पोट पाण्यानंच भरतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. पुढे अंगावरचं दूध चालू ठेवून घट्ट अन्न, चमच्यातून ओघळणार नाही इतकं. ज्वारीच्या मऊ कण्या किंवा भात, तुरीचं घट्ट वरण, वर चमचाभर तेल. शेंगदाण्याचं बारीक कूट, अंडं, पालेभाजीही चालते. (अख्खा दाणा मात्र नको, घशात अडकतो.) नऊ महिन्यांच्या मुलाला अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा.

चार घरची कामं करणारीला हे सांगणं सोपं, जमणं कठीण. तेव्हा आपल्याकडे आल्यावर लेकराला भरवायला तिला दहा मिनिटं द्या, आणि वरणभातही. शिळंपाकं नको हं!

शिवणाची टेप घरात असतेच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, न आवळता मोजा. 12.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर अंगणवाडीत दाखवायला सांगा. 11.5 पेक्षाही कमी, किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल, तर मात्र घरगुती उपाय नकोत. असं शरीर एकदम भरपूर खाणं सोसत नाही. लगेच सरकारी दवाखाना गाठावा. तिथून गरजेप्रमाणे पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात.

तिथं आईला लेकराजवळ साधारण दोन आठवडे राहावं लागतं. मजुरी बुडते म्हणून कितीजणी मूल अर्ध्यातच घरी आणतात. तेवढ्या दिवसांचा तिचा पगार कापू नका.