जलस्थापत्यज्ञांच्या परिषदा व बदलते पाऊसमान

धरण, कालवा, पूल, गटार अथवा गावतळ्याचा सांडवा यांपैकी कोणतेही काम हाती घेताना स्थापत्यज्ञास प्रथम एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. या ठिकाणी जास्तीत जास्त किती पाणी येईल? पाणी कमी गृहीत धरले तर पुरात काम वाहून जाते व माणसे प्राणास मुकतात. अधिक गृहीत धरले तर खर्च इतका वाढतो की काम उभेच राहत नाही. या दोहोंमधील योग्य आकडा ठरविणे हेच जलस्थापत्यशास्त्राचे मुख्य कार्य होय. हा आकडा ठरविण्याची रीत आज जगभर तपासून पाहिली जात आहे. जलस्थापत्यज्ञांच्या परिषदांत अलीकडे जो विचारविनिमय होतो, त्याचा बराचसा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो. ग्रामीण शाळांतील शिक्षकांना हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचे एक टोक शाळेच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचते.

नोंदींवर उभारलेले शास्त्र

पाण्याचा आकडा ठरतो तो मागील नोंदींवरून. पर्जन्यमापकाने रोज मोजलेला पाऊस, नदीच्या काठी रोवलेल्या मोजपट्टीवर पाहिलेली पातळी, पुराच्या वेळी मोजलेला प्रवाह, या सर्वांची अनेक वर्षांची कोष्टके समोर ठेवून गणित मांडले जाते. त्यातूनच 'शंभर वर्षांचा पूर' हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. त्याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. असा पूर एकदा येऊन गेला म्हणजे पुढील शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही शक्यता दरवर्षी नव्याने उभी राहते. त्यामुळे तीस वर्षांच्या काळात असा पूर निदान एकदा तरी येण्याची शक्यता शेकडा २६ इतकी भरते.

या साऱ्या गणिताच्या मुळाशी एक गृहीत आहे. मागे जसा पाऊस पडला तसाच साधारणपणे पुढेही पडेल. काही वर्षे अधिक, काही वर्षे उणा, परंतु चढउतारांची मर्यादा तीच राहील, असे ते गृहीत होय. शंभरांहून अधिक वर्षे स्थापत्यज्ञांनी त्यावर विसंबून कामे केली आणि त्यांतील बहुसंख्य कामे टिकलीही.

परिषदांचा उगम व कार्यपद्धती

एका देशातील नद्यांच्या नोंदी व एका पिढीचा अनुभव पुरेसा नसतो, ही जाणीव झाल्यामुळे या शास्त्रातील तज्ज्ञ एकत्र जमू लागले. मोठ्या धरणांचा विचार करणारा आंतरराष्ट्रीय आयोग १९२८ साली स्थापन झाला. त्याचे मुख्य कार्यालय पॅरिस येथे असून पहिले अधिवेशन १९३३ साली स्टॉकहोम येथे भरले. सिंचन व जलनिःसारण यांसाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग भारताच्या पुढाकाराने २४ जून १९५० रोजी अस्तित्वात आला व त्याचे मुख्यालय नवी दिल्ली येथे आहे. जानेवारी १९५१ मध्ये या दोन्ही आयोगांची अधिवेशने नवी दिल्लीत झाली. भाक्रा व हिराकूड यांसारखी प्रचंड धरणे त्या वेळी देशात बांधली जात होती; साहजिकच परदेशांतील अनुभव जाणून घेण्याची निकड मोठी होती. सिंचन आयोगाचे पंचविसावे अधिवेशन नोव्हेंबर २०२३ मध्ये विशाखापट्टणम येथे भरले. शेतीतील पाणीटंचाईचा सामना हा त्याचा मुख्य विषय होता.

महाराष्ट्राचा या कार्याशी निकटचा संबंध आला आहे. ज्येष्ठ जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांस १९९३ सालचे स्टॉकहोम जल पारितोषिक मिळाले व त्यानंतर काही वर्षे ते सिंचन आयोगाचे महासचिव होते.

अशा अधिवेशनांत केवळ भाषणे होतात अशी समजूत असेल तर ती बरोबर नाही. धरण आयोगाचे अधिवेशन दर तीन वर्षांनी भरते. त्यात चर्चावयाचे प्रश्न बरेच आधी ठरवून कळविले जातात. निरनिराळ्या देशांतील समित्या आपापल्या तज्ज्ञांचे निबंध पाठवितात. एक मुख्य निवेदक ते सर्व वाचून त्यांतील मतैक्य व मतभेद यांचा गोषवारा तयार करतो व त्यावर सभेत चर्चा होते. प्रतिनिधी यजमान देशातील कामे प्रत्यक्ष पाहण्यासही जातात. पुढे तज्ज्ञसमित्या त्या त्या विषयावर मार्गदर्शक पुस्तिका सिद्ध करतात. या सर्व व्यवहारात सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असेल, तर आपल्या देशात कोणते काम का फसले हे तज्ज्ञांनी एकमेकांस उघडपणे सांगणे, ही होय.

जुने गृहीत का डळमळले?

हवा जितकी उष्ण तितकी तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता अधिक. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की ही क्षमता शेकडा सुमारे सातने वाढते. कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनामुळे वातावरणात कर्बवायू साठत गेला. त्याचा परिणाम म्हणून २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या मानाने सुमारे १.१ अंशाने अधिक होते, असे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान मंडळाने २०२१ च्या अहवालात नमूद केले आहे. तापमानवाढीच्या प्रत्येक अंशागणिक अतिवृष्टीच्या दिवसाचा पाऊस जगात सरासरीने शेकडा सुमारे सातने वाढेल, असाही त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. उष्ण हवा जमिनीतील ओलही अधिक वेगाने शोषून घेते. त्यामुळे एकीकडे धो धो पाऊस व दुसरीकडे लांबलेली कोरड, असे दुहेरी संकट संभवते.

मग 'मागे तसेच पुढे' हे गृहीत कसे टिकावे? २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात काही जलशास्त्रज्ञांनी हे गृहीत आता मोडीत निघाले आहे, असे स्पष्ट शब्दांत मांडले. तेव्हापासून परिषदांतील चर्चेला निराळे वळण लागले. पूर्वीचा शंभर वर्षांचा पूर पन्नास वर्षांचा झाला, तर तीस वर्षांत तो येण्याची शक्यता शेकडा २६ वरून ४५ वर जाते. पूल तोच, नदी तीच, परंतु धोका जवळजवळ दुप्पट.

दोन उदाहरणे

नेदरलँड्स या सखल देशात १९५३ च्या फेब्रुवारीच्या आरंभी समुद्राचे पाणी बांध फोडून आत शिरले आणि १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या देशाने प्रचंड समुद्रबंधारे उभारले. पुढे १९९३ व १९९५ साली नद्यांना महापूर आले. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडून जावे लागले. या वेळी तेथील तज्ज्ञांनी निराळा विचार केला. बांध उंच करीत राहिल्यास एखाद्या वेळी ते फुटले तर अनर्थ अधिकच मोठा होईल. त्यापेक्षा नदीला पसरावयास जागा द्यावी, असे त्यांनी ठरविले. 'नदीला जागा' या नावाने ही योजना ओळखली जाते. नायमेखेन या शहरासमोरील बांध सुमारे ३५० मीटर मागे घेऊन पुराच्या पाण्यासाठी नवा मार्ग खोदण्यात आला. बांध मागे घेताना काही कुटुंबांना घरे सोडावी लागली, हेही सांगितले पाहिजे. या योजनेचा अभ्यास आज अनेक देशांतील स्थापत्यज्ञ करीत आहेत.

दुसरे उदाहरण ओडिशातील हिराकूड धरणाचे. १९५७ साली उद्घाटन झालेल्या या धरणाची रचना सेकंदाला १५ लाख घनफूट पुराचे पाणी गृहीत धरून झाली होती. पुढे फेरतपासणीत हा आकडा २४.५ लाख घनफूट इतका निघाला व जादा सांडव्याची योजना आखावी लागली. ही वाढ सर्वस्वी हवामानातील बदलामुळे झाली असे म्हणता येणार नाही. मधल्या काळात नोंदी वाढल्या, गणिताची रीतही सुधारली. एकदा काढलेला आकडा कायमचा समजू नये व जुन्या कामांची वेळोवेळी नव्याने तपासणी व्हावी, हा या उदाहरणाचा बोध आहे.

मुंबईचा धडा

परिषदांचे ठराव व अहवालांतील शिफारशी कोणत्याही शासनावर आपोआप बंधनकारक होत नाहीत, हीही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करावी, अशी शिफारस १९९३ च्या तज्ज्ञ अहवालात होती. परंतु पुढील बारा वर्षांत त्यातील थोडेच काम झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातील एका तासाचा पाऊस १९० मिलिमीटर होता. त्याच सुमारास समुद्राला भरती आल्याने पाण्याला वाट उरली नाही. शहरात चारशेहून अधिक लोक प्राणास मुकले.

एवढ्या मोठ्या पावसापुढे ताशी ५० मिलिमीटरची गटारेही अपुरी पडली असती, हे उघड आहे. परंतु त्या दिवशीची आणखी एक नोंद विचार करण्याजोगी आहे. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा त्याच शहरातील कुलाबा येथे केवळ सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहरातील वेधशाळेची प्रमुख केंद्रे ही दोनच. मधल्या विस्तीर्ण भागात कोठे किती पाऊस कोसळत आहे, हे त्या वेळी नेमके कळावयास मार्ग नव्हता. डॉ. चितळे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने सत्यशोधन समिती नेमली व तिचा अहवाल २००६ साली सादर झाला. पुढे शहरातील अग्निशमन केंद्रांसारख्या ठिकाणी तीसहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्यात आले. गटारे रुंद करण्यास वर्षानुवर्षे लागतात. पाऊस मोजण्यास मात्र लगेच आरंभ करता येतो.

शाळेत काय करता येईल?

हवामान बदलत असल्यामुळे जुन्या नोंदी निरुपयोगी झाल्या, असा समज होऊ देऊ नये. बदल झाला किंवा नाही, झाला असल्यास किती, हे ठरविण्यास नोंदींखेरीज अन्य साधन नाही. महाराष्ट्रात महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. परंतु एका मंडळात अनेक गावे येतात आणि पाऊस तर कित्येकदा शिवाराच्या एका अंगाला पडून दुसऱ्या अंगाला कोरडे सोडतो. अशा स्थितीत शाळेने ठेवलेली गावच्या पावसाची नोंद, ती शासकीय नसली तरी, गावास व विद्यार्थ्यांस उपयोगी पडते.

यासाठी खर्चिक उपकरण लागत नाही. तोंड व तळ सारख्याच रुंदीचे, सरळ उभ्या बाजूंचे व सपाट तळाचे एक डबडे घ्यावे. वर पसरट व खाली निमुळते भांडे घेऊ नये, कारण त्यात पाण्याची उंची पावसापेक्षा अधिक दिसते. इमारत व झाडे यांपासून दूर, मोकळ्या जागी ते घट्ट बसवावे. वेधशाळेच्या प्रघाताप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी, वहीत लिहावी व डबडे रिकामे करावे. पाऊस नसेल त्या दिवशी 'शून्य' लिहावे. मोजणी राहून गेली असेल तर शून्य न लिहिता 'मोजले नाही' असेच लिहावे, कारण या दोहोंचा अर्थ अगदी भिन्न आहे. सुटीच्या दिवसांसाठी शाळेजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांस पाळीपाळीने हे काम सोपवावे. महिनाअखेर आपला आकडा मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहावा.

याच वहीतून गणिताचे पाठ घेता येतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. यावरून शंभर चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडल्यास १,००० लिटर, तर एक हेक्टर शेतावर एक लाख लिटर पाणी पडते, हे विद्यार्थी स्वतः काढू शकतील. वरच्या वर्गांसाठी शंभर चिंचोके घेऊन त्यांतील एकास खूण करावी. न पाहता एक चिंचोका काढावा, पाहून परत टाकावा, असे तीस वेळा करावे. वर्गातील अनेक गटांनी हा प्रयोग केल्यास साधारणपणे चारांतील एका गटास खुणेचा चिंचोका निदान एकदा सापडतो. मग दोन चिंचोक्यांस खूण करून तोच प्रयोग पुन्हा करावा. शंभर वर्षांचा पूर म्हणजे काय व पाऊसमान बदलल्याने धोका कसा वाढतो, हे व्याख्यानाशिवाय त्यांच्या ध्यानी येईल.

शिक्षकाची बदली होते, विद्यार्थी पुढील शाळेत जातात. म्हणून ही वही कोणा एकाची न राहता शाळेच्या दप्तरी राहावी व कार्यभार देताना इतर कागदपत्रांबरोबर ती नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी. दहा वर्षे खंड न पडता चालविलेली अशी वही गावच्या बंधाऱ्याची अथवा ओढ्यावरील मोरीची आखणी करावयास येणाऱ्या अभियंत्याच्या हाती दिल्यास तो ती आदराने वाचील, यात संशय नाही.