यादीत नसलेलं नाव

२००८ साली स्वीडनमधल्या लुंड शहरात आठ वर्षांच्या एका मुलाने वर्गात वाढदिवसाची आमंत्रणं वाटली. दोघांना मिळाली नाहीत. एकाने स्वतःच्या वाढदिवसाला त्याला बोलावलं नव्हतं, दुसऱ्याशी त्याचं बिनसलं होतं. हे लक्षात येताच शिक्षकांनी वाटलेली आमंत्रणं काढून घेतली. शाळेच्या आवारात आमंत्रणं वाटायची तर भेदभाव चालणार नाही, ही शाळेची भूमिका. मुलाच्या वडिलांनी थेट संसदेच्या लोकपालाकडे तक्रार नेली आणि प्रकरण जगभर गाजलं.

आपल्याकडे शाळेत सहसा अख्ख्या वर्गाला चॉकलेट वाटलं जातं. खरा प्रश्न येतो तो सोसायटीत. संध्याकाळी सायकल घेऊन खाली आलेल्या मुलीला पार्किंगमध्ये कुणीच दिसत नाही. क्लब हाऊसमधून गाण्यांचा आवाज येत असतो. दुसऱ्या दिवशी खेळायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात एकसारखी, रिटर्न गिफ्ट मिळालेली पाण्याची बाटली. ‘तू का नाही आलीस?’ असं कुणीतरी अगदी सहज विचारतं. वर्गातल्या मित्राची पार्टी दुसरीकडे कुठेतरी होते, डोळ्यांआड राहते. इथे सगळं समोर घडतं.

हे दुखणं मोठ्यांना वाटतं तेवढं किरकोळ नाही. मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी ‘सायबरबॉल’ नावाचा साधा संगणकीय खेळ तयार केला. तिघं एकमेकांकडे चेंडू टाकतात; थोड्या वेळाने दोघं तिसऱ्याला टाळू लागतात. २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं होतं. डावललं जाताना मेंदूचा जो भाग जास्त सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेशीही जोडलेला आहे. पुढच्या एका प्रयोगात तर समोर माणसं नाहीत, संगणक आहे, हे आधीच सांगूनही लोकांना वाईट वाटलं. हे सगळे मोठे होते, आणि समोर अनोळखी खेळाडू किंवा नुसता संगणक. सहा वर्षांच्या मुलाला तर रोजचे सवंगडी वगळतात.

यादी छोटी असण्याची कारणं खरी असतात. गेम झोनमध्ये डोक्यागणिक पैसे मोजावे लागतात, दोन खोल्यांच्या घरात वीस मुलं मावत नाहीत. चार जिवलग मित्रांना बोलावण्यात काहीच गैर नाही. पण विंगमधल्या बारा मुलांपैकी अकरा जणांना बोलावून एकाला वगळलं, तर त्याला जागा किंवा पैसा हे कारण उरत नाही. बहुतेकदा तो मुलगा भाडेकरूचा असतो, चंचल किंवा स्वमग्न असतो, नाहीतर त्याच्या आईवडिलांशी मेंटेनन्सवरून वाद झालेला असतो. मोठ्यांचं भांडण मुलाच्या वाट्याला येणं हा सरळ अन्याय आहे.

शिकागोतल्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवात दिसलं, की वगळली जाणारी मुलं पुन्हा पुन्हा तीच असतात. म्हणून खेळात कुणालाही ‘तू नको’ म्हणायचं नाही, असा नियम त्यांनी वर्गात केला. मोठ्या इयत्तांतल्या मुलांनाही त्यांनी विचारलं. नियम न्याय्य आहे, पण आम्हाला तो पाळणं जड जाईल, असा त्यांचा सूर होता.

यादी मुलांच्या नावाने होते, पण ती आईबाबा करतात. तेव्हा व्हॉट्सॲपवर आमंत्रण टाकण्याआधी एकदा नजर फिरवा. एकच नाव राहिलं असेल, तर त्या घरी आज फोन करा.