वाऱ्याची वीज

आफ्रिका खंडाच्या आग्नेय भागातील मलावी हा छोटासा देश मक्यावर जगतो. 2001 साली तेथे मक्याचे पीक बुडाले. सरकारचा राखीव धान्यसाठा आधीच विकला गेला होता. गोदाम रिकामे असताना पेठेत भावाचे काय होते, हे व्यापारी घरांना सांगावयास नको. 2002 च्या आरंभी दुष्काळाने उग्र रूप धरले.

कासुंगू जिल्ह्यातील विंबे गावाजवळ कामक्वांबा नावाचे शेतकरी कुटुंब राहत असे. सहा मुली आणि विल्यम हा एकुलता एक मुलगा. घरात दिवसाला एकच वेळ अन्न, तेही मोजके घास. माध्यमिक शाळेची वर्षाची फी सुमारे 80 डॉलर होती. ती भरणे वडिलांना अशक्य झाले आणि चौदा वर्षांच्या विल्यमची शाळा सुटली.

मात्र गावच्या प्राथमिक शाळेत एक लहानसे ग्रंथालय होते. तेथे विल्यमच्या हाती ऊर्जेविषयीचे एक अमेरिकन पाठ्यपुस्तक आले. मुखपृष्ठावर पवनचक्क्यांची रांग होती. इंग्रजी त्याला जेमतेम येत असे. म्हणून तो आधी आकृती पाही आणि मग तिच्याखालच्या शब्दांचा अर्थ शोधी. वाऱ्याने पाणी उपसता येते आणि वीजही करता येते, एवढे त्याला उमगले. पाणी म्हणजे वर्षाला दुसरे पीक, आणि दुसरे पीक म्हणजे उपासमारीतून सुटका, हा त्याचा हिशेब होता.

भांडवल शून्य, तेव्हा तो भंगाराच्या आवारात शिरला. ट्रॅक्टरचा पंखा, शॉक अॅब्सॉर्बर, सायकलचा मोडका सांगाडा असे सामान जमू लागले. पीव्हीसी पाइप उभा चिरून, विस्तवावर तापवून त्याने पाती सपाट केली. भोके पाडण्यासाठी मक्याच्या कणसाच्या दांड्यात खिळा खोचून तो तापविला. वायसरच्या जागी बाटल्यांची पत्र्याची बुचे बसविली. लोक त्याला वेडा म्हणत, आणि ते स्वाभाविकही होते. सायकलचा डायनामो विकत घेण्याची ऐपत नव्हती. तो गिल्बर्ट नावाच्या मित्राने स्वतःच्या पैशांनी घेऊन दिला. हा मित्र नसता तर पुढचे काही घडलेच नसते.

निलगिरीच्या खांबांचा सुमारे पाच मीटर उंच मनोरा उभा राहिला. पाती फिरली आणि विल्यमच्या हातातला लहानसा दिवा उजळला. खाली जमलेले टवाळखोर क्षणभर गप्प झाले. मग एकच जल्लोष झाला. पुढे मोटारीची बॅटरी जोडल्यावर घरात चार दिवे आणि दोन रेडिओ चालू लागले. चपलेच्या रबराचे बटण, खिळ्यांभोवती तार गुंडाळून आणि चुंबक लावून केलेले सर्किट ब्रेकर, सारे घरचेच. गवती छपराखाली तारेची एक ठिणगीही किती महाग पडेल, हे तो जाणून होता. शेजारी मोबाइल चार्ज करावयास येऊ लागले.

2006 मध्ये मलावीच्या वृत्तपत्राने त्याची बातमी छापली. पुढच्या वर्षी टांझानियातील अरुशा येथील परिषदेत तो बोलला. त्यानंतर मदत मिळाली, तुटलेले शिक्षण पुन्हा सुरू झाले आणि 2014 साली तो अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजचा पदवीधर झाला. पण पहिल्या हिशेबातले पाणी त्याआधीच आले होते. सौरऊर्जेवरील पंप बसविलेली खोल विहीर गावाला पिण्याचे पाणी देऊ लागली होती.